लाल क्रमांक २१९

१९७७ साली जपानमधल्या ओसाका शहरात १८ महिला न्यायालयाची पायरी चढल्या. देशातल्या आघाडीच्या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला होता. या कंपन्यांची पावडर आणि क्रीम घरोघरी होती, जाहिराती रोज डोळ्यांपुढे येत होत्या. दावा लावणाऱ्या बायकांचे चेहरे मात्र काळवंडले होते. या विकारात कपाळ, कानशिलं, गाल यांवर तपकिरी रंग पसरतो. कुणाला त्यात राखाडी झाक असते, कुणाला निळसर. कुठे तो सलग असतो, कुठे जाळीसारखा. धुऊन जात नाही, साध्या मलमांनी उतरत नाही आणि एकदा आला की वर्षानुवर्षं हलत नाही. जपानी वैद्यकात त्याला ‘स्त्रियांच्या चेहऱ्याचा काळेपणा’ असंच नाव पडलं होतं.

पैशांच्या मागणीइतकाच मोठा एक प्रश्न या दाव्यामागे होता: आम्ही रोज तोंडाला जे लावतो त्यात काय आहे, हे आम्हाला का सांगितलं जात नाही? हा प्रश्न न्यायालयात पोचायला फार काळ लागला. त्या काळात हजारो स्त्रियांनी आपल्या चेहऱ्याचा दोष आपल्याच शरीराला दिला.

पांढऱ्या रंगाची जुनी किंमत

चेहऱ्याला लावलेल्या वस्तूने माणसाचं नुकसान होतं, हे जपानला नवं नव्हतं. शतकानुशतकं तिथल्या उच्चभ्रू स्त्रिया, गेइशा आणि काबुकीतले नट चेहरा आणि मान पांढरीशुभ्र रंगवत. शिशापासून केलेली पावडर त्यासाठी सर्वांत पसंतीची होती. ती त्वचेवर छान बसायची आणि तिचा पांढरेपणा टिकायचा.

१८८७ साली परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या निवासस्थानी सम्राट मेइजींसमोर काबुकीचा प्रयोग झाला. त्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या नटाचा पाय थरथरू लागला आणि थांबेना. वर्षानुवर्षं रंगवलेल्या चेहऱ्यातून शिसं त्याच्या शरीरात भिनलं होतं. नट प्रसिद्ध होता आणि प्रेक्षकांत खुद्द सम्राट होते, म्हणून गवगवा झाला. शिसं नसलेल्या पावडरीचा शोध सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी पावडर बाजारात आलीही. १९०० साली घातक रंगांवर बंदी घालणारा नियमही झाला. पण त्या नियमाने चेहऱ्याच्या पावडरीतल्या शिशाला ‘तूर्तास’ सूट दिली, आणि ते ‘तूर्तास’ तीन दशकं चाललं.

त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. मेंदूज्वरासारख्या एका गूढ आजाराने बाळं दगावत होती. क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी १९२०च्या दशकात त्या आजाराचं मूळ शोधून काढलं. ते आईच्या पावडरीतलं शिसं होतं. आईच्या अंगाला बिलगणाऱ्या, तिचं दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात ते जात होतं. त्यानंतरही शिशाची पावडर बाजारातून पूर्ण हटायला १९३०चं दशक उजाडलं. पुढच्या प्रकरणांतही हाच क्रम दिसतो: धोका आधी कळतो, नियम नंतर होतो, आणि मधली वर्षं ती वस्तू वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात.

व्हिएन्नापासून टोकियोपर्यंत

चेहऱ्याच्या काळेपणाची पहिली ठळक वैद्यकीय नोंद मात्र युरोपातली आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ गुस्ताव रील यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं. चेहरा, विशेषतः कपाळ आणि कानशिलं गडद तपकिरी झालेली, पण रुग्ण एरवी ठणठणीत. युद्धामुळे चांगलं अन्न मिळत नव्हतं, भलतेसलते पर्याय खावे लागत होते. रील यांनी संशय त्या अन्नावर घेतला. त्याच सुमारास जर्मनीत डांबर आणि खनिज तेलांशी संबंध येणाऱ्या कामगारांतही असाच काळेपणा नोंदला गेला. म्हणजे बाहेरून त्वचेला लागणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवणारा दुवा तेव्हाच हाताशी होता. तरीही पुढची अनेक दशकं पोषण, जीवनसत्त्वं, संप्रेरकं यांभोवतीच तर्क फिरत राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच विकार जपानी डॉक्टरांना मोठ्या संख्येने दिसू लागला. रुग्ण जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. देश राखेतून उभा राहत होता, पगार वाढत होते, बायका कार्यालयांत आणि दुकानांत कामाला जात होत्या. नेहमीच्या जिन्नसांत आता फाउंडेशन, रूज, लिपस्टिक, सुगंधी क्रीम यांची भर पडली होती. १९६०च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांचा खप भराभर वाढला आणि त्याच काळात काळवंडलेले चेहरेही वाढले.

मग प्रसाधनांवर संशय कसा आला नाही? कारण हा आजार ॲलर्जीसारखा वागत नव्हता. ॲलर्जी म्हटलं की खाज, लाली, पुळ्या, सूज डोळ्यांसमोर येते. इथे खाज अगदी थोडी, कधी तर नाहीच. किंचित लाली येऊन जायची, बाईच्या लक्षातही यायची नाही. डोळ्यांत भरायचा तो फक्त काळेपणा, आणि तोही इतक्या हळू चढणारा की सुरुवात कधी झाली हे सांगता येऊ नये. स्त्रीने त्याला वांग समजावं, डॉक्टरांनी तिच्या पाळीबद्दल आणि यकृताबद्दल विचारावं, आणि घरी जाऊन तिने डाग झाकण्यासाठी आणखी जाड थर लावावा. ज्या डबीतून डाग आला, तीच डबी तो झाकायला उघडली जात होती. रोज थोडा डोस मिळत राहिला आणि रोग बळावत गेला.

कपड्यांनी दिलेला धागा

कोड्याचा एक धागा डेन्मार्कमध्ये सुटला. कोपनहेगनचे डॉक्टर ओस्मुंडसेन यांच्याकडे अंगावर गडद डाग पडलेले रुग्ण आले होते. जिथे कपडा अंगाला घासतो नेमके तिथे डाग होते. तपासाअंती दोष धुण्याच्या पावडरीत निघाला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात घातलेल्या एका रसायनाची या लोकांना ॲलर्जी झाली होती. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. फारशी खाज न येता, केवळ रंग बदलून प्रकट होणारी ॲलर्जी असू शकते, हे त्यातून ठोसपणे पुढे आलं.

जपानमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही त्वचारोगतज्ज्ञ याच दिशेने कामाला लागले होते. टोकियोतले हिदेओ नाकायामा त्यांत अग्रणी होते. हत्यार जुनं आणि साधं होतं: पॅच टेस्ट. जर्मन डॉक्टर योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही चाचणी आजही मुळात तशीच आहे. संशयित पदार्थ थोड्या प्रमाणात पट्टीखाली पाठीवर लावायचा, दोन दिवस पट्टी ठेवायची, मग काढून त्या दिवशी आणि पुढेही एकदोनदा त्वचा पाहायची. ॲलर्जी असेल तर तेवढ्या चौकोनात लाली आणि फुगवटा येतो.

पण प्रसाधनाची आख्खी क्रीम पाठीवर लावून फारसं कळत नाही. एकेका क्रीममध्ये डझनावारी घटक असतात आणि गुन्हेगार घटक त्यात अगदी थोडा असू शकतो. म्हणून घटक सुटे करून, एकेक करून तपासावे लागले: सुवास, रंग, टिकाऊपणाची द्रव्यं, तेलं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. रुग्णाने पाठ उघडी करून बसायचं, दोन दिवस अंघोळीविना राहायचं, पुन्हा यायचं, पुन्हा बसायचं. या स्त्रियांच्या चिकाटीचा वाटा शोधात डॉक्टरांइतकाच होता.

हळूहळू नावं हाती आली. मोगऱ्याच्या जातीतल्या चमेलीचा अर्क, इलांग-इलांग आणि कनंगा ही फुलांची तेलं, चंदनाचं तेल, बेन्झिल सॅलिसिलेट, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल. यादीचा मोठा भाग सुवासांचा होता. आणि एक रंग होता: लाल क्रमांक २१९.

अशुद्धीचा माग

हा रंग परवानगी मिळालेला होता. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनणाऱ्या ॲझो रंगांपैकी तो एक. इंग्रजी व्यापारी नाव ब्रिलियंट लेक रेड आर. रंग छान, उजळ, स्वस्त. मात्र १९७७ साली ओसाकातले डॉक्टर सुगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पाठोपाठ १९७९ साली कोझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काळवंडलेल्या चेहऱ्याच्या अनेक रुग्णांना या रंगाची तीव्र ॲलर्जी आहे. आणखी खोल गेल्यावर खरा गुन्हेगार सापडला. रंगातच लपलेली अशुद्धी, सुदान-१.

ती तिथे आली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. हा लाल रंग करताना ॲनिलिनपासून तयार केलेलं एक क्रियाशील द्रव्य नॅफ्थोइक आम्लाच्या एका प्रकाराशी जोडतात. ते आम्ल स्वतः बीटा-नॅफ्थॉलपासून बनतं. शुद्धीकरणात ढिलाई झाली आणि थोडं बीटा-नॅफ्थॉल मागे राहिलं, तर क्रियाशील द्रव्य त्याच्याशीही जोडलं जातं आणि सुदान-१ तयार होतो. सरकारी परवाना लाल २१९ला होता, सुदान-१ त्याच्या आडून आत शिरत होता. डबीवर नाव कुणाचंच नव्हतं.

त्वचेत नेमकं काय घडतं, हेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी पेशींची एक रांग असते, तिच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होतं आणि साठतं. या प्रकारच्या ॲलर्जीत शरीराच्या संरक्षक पेशी नेमक्या याच तळाच्या रांगेवर तुटून पडतात. पेशी मोडतात, मेलॅनिन खालच्या थरात सांडतं, तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि तिथेच बसून राहतात. वरची त्वचा दर काही आठवड्यांनी नवी होते, पण खाली सांडलेला रंग तसाच राहतो. तो खोलवर असल्यामुळे बाहेरून राखाडी-निळसर दिसतो आणि वरून लावलेल्या औषधांना दाद देत नाही. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेत मुळातच मेलॅनिन अधिक असतं, म्हणून तिथे डागही अधिक गडद उमटतो. आशियाई स्त्रियांत हा विकार जास्त का, याचं एक उत्तर इथे आहे.

जे लावायचं नाही त्याचं औषध

उपचार साधा होता आणि कठोरही. नाकायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे साबण आणि अशी प्रसाधनं तयार करवून घेतली की ज्यांत तपासणीत दोषी ठरलेला एकही घटक नसेल. रुग्णाने फक्त तीच वापरायची. बाकी सगळं बंद, सुगंधी साबणसुद्धा. निकाल लगेच दिसत नव्हता. पण नवा रंग सांडणं थांबलं की भक्षक पेशींतला जुना रंग सावकाश ओसरू लागे. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. या पथ्यावर टिकून राहिलेल्या अनेक स्त्रियांना त्यांचा चेहरा परत मिळाला.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या जपानी कंपन्यांनी सर्वांत वाईट ठरलेले घटक आपल्या मालातून काढायला सुरुवात केली. त्यानंतर नवे रुग्ण झपाट्याने घटले. जो रोग कुणी बाईच्या प्रकृतीशी, कुणी तिच्या आहाराशी जोडत होतं, तो कारखान्यातली पाककृती बदलताच ओसरला, याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही.

विज्ञानाच्या जोडीला बायकांचं संघटितपण होतं. त्या काळात जपानमधल्या महिला मंडळांच्या महासंघाने चढ्या किमतींविरुद्ध मोहीम उघडली होती आणि १९६८पासून एका छोट्या उत्पादकाला हाताशी धरून १०० येनांची प्रसाधनं विकायला घेतली होती. स्वस्ताई आणि घटकांबद्दलची पारदर्शकता ही त्या मालाची ओळख बनली. ओसाकातला दावा याच वातावरणात उभा राहिला. १९८१ साली तो तडजोडीने मिटला. पण त्याआधीच, १९८० साली, सरकारने ॲलर्जी करू शकणारे शंभराहून थोडे अधिक घटक निवडून ते वेष्टनावर छापणं सक्तीचं केलं होतं. सगळेच घटक छापण्याचा नियम यायला मात्र २००१ साल उजाडलं.

तोच रंग, आपल्या कपाळावर

या कथेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९८६ साली सिंगापूरचे डॉक्टर गोह यांनी जपानच्या कोझुकांसोबत भारतीय स्त्रियांच्या कपाळावरच्या काळ्या डागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांची ॲलर्जी कुंकवाची होती, आणि कुंकवातले दोषी घटक तपासले तेव्हा तिथे पुन्हा ब्रिलियंट लेक रेड आर होता, सुदान-१ होता.

आपल्याकडचं जुनं कुंकू हळदीचं. हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार किंवा चुना यांच्या संयोगातून पिवळ्याचं लाल व्हायचं. करमाळा तालुक्यातलं केम आणि पंढरपूर ही गावं कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. कपाळाला आधी मेण, मग बोटाने टेकवलेलं कुंकू, ही आपल्या आज्या-पणज्यांची पद्धत. पण हळदीचं कुंकू मेहनतीचं आणि महाग. बाजारात भडक, स्वस्त पिंजर आली. पांढऱ्या भुकटीवर कोळशाच्या डांबरातून आलेला रंग चढवला की झालं. त्यावर ना घटकांची यादी, ना रंगाचा क्रमांक. सुदान-१ तर २००३ साली युरोपात भारतातून गेलेल्या लाल तिखटातही सापडला आणि तिथे मोठी खळबळ उडाली. तिखट जिभेला लागतं म्हणून जग जागं झालं. कुंकू कपाळाला लागतं, आणि कपाळावरच्या डागासाठी कुणी खळबळ करत नाही.

मेण आणि पिंजर मागे पडून टिकली आली तेव्हा डागाचा रंगच उलटला. टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडू लागला. अलाहाबादचे त्वचारोगतज्ज्ञ बजाज, गुप्ता आणि चॅटर्जी यांनी १९९० साली टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल याला कारणीभूत असल्याचं दाखवलं. हे रसायन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. आपल्या समाजात पांढऱ्या डागाला कोड म्हणतात आणि कोडाचं नाव निघालं की मुलींची लग्नं अडतात. एका स्वस्त गोंदाने किती घरांत हे दुःख शिरलं असेल, त्याची मोजदाद झालेली नाही.

धडा शिकलेल्या देशात

आणि मग २०१३. ज्या जपानने काळेपणाचा हा सगळा धडा गिरवला होता, तिथेच पांढऱ्या डागांचं संकट आलं. कानेबो कंपनीच्या त्वचा उजळ करणाऱ्या प्रसाधनांत रोडोडेनॉल हा घटक होता. सरकारी मान्यता २००८ची. ४ जुलै २०१३ रोजी कंपनीने ५४ उत्पादनं परत मागवली. ती वापरणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले होते. पुढे बाधितांची संख्या १९ हजारांवर गेली.

कारण शोधायला या वेळी वेळ लागला नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखण्यासाठी हा घटक घातला होता. पण तोच विकर त्याचं रूपांतर एका विषारी द्रव्यात करतो आणि रंगपेशी मरतात, असं फुजिता आरोग्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. या कुळातली रसायनं त्वचा पांढरी करतात, हे तर फार आधीपासून माहीत होतं. १९३९ सालीच अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी हातमोज्यांतल्या अशाच एका रसायनाने पांढरे झाल्याची नोंद आहे. रोडोडेनॉलच्या सख्ख्या नात्यातल्या एका द्रव्यामुळे जपानमधल्याच कामगारांना असे डाग पडल्याचं १९९८ साली प्रसिद्ध झालं होतं. आणि कंपनीकडे २०११पासून ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या. त्या तक्रारी स्त्रीचा स्वतःचा आजार म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९६०च्या दशकात डॉक्टरांकडून मिळालेलं उत्तर आता ग्राहक-कक्षातून मिळत होतं.

या इतिहासातून मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. चेहऱ्यावर डाग घेऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न ‘तुम्ही काय लावता?’ हा विचारला गेला पाहिजे, आणि त्याचं खरं उत्तर तिला देता आलं पाहिजे. आज ते देता येत नाही. आपल्याकडे औषधांच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं १९६२च्या दुरुस्तीने आली, वेष्टनांवर घटकांच्या याद्याही दिसतात. पण सगळे सुवास ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दाखाली जातात. युरोपने ॲलर्जी करणाऱ्या सुवासांची नावं छापणं या शतकाच्या सुरुवातीलाच सक्तीचं केलं. पाठीवरच्या पट्ट्यांखाली दोषी ठरलेली ती फुलांची तेलं आपल्याकडे मात्र अजून बिनानावाने बाटलीत बसतात. आणि जत्रेत, देवळाबाहेर, किराणा दुकानात पुडीने मिळणाऱ्या कुंकवावर तर यादीच नसते.

म्हणून कपाळ किंवा गाल विनाकारण काळवंडू लागला, टिकलीखाली पांढरं दिसू लागलं, तर झाकू नका. लावणं थांबवा, वापरातल्या सगळ्या वस्तू पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. लवकर थांबवलं तर त्वचा सुधारायला वाव राहतो. आणि सरकारकडे, उत्पादकांकडे मागायचं ते एवढंच: कुंकवाच्या पुडीवर रंगाचा क्रमांक, टिकलीच्या पाकिटावर गोंदाचं नाव, आणि क्रीमच्या बाटलीवर प्रत्येक सुवासाचं वेगळं नाव. तीन ओळींची छपाई. या तीन ओळी नसल्यामुळे जपानमधल्या बायकांच्या एका पिढीने चेहऱ्यावर काळोख वागवला. आपल्या मुलींवर तीच वेळ येऊ देण्याचं कोणतंही कारण आता उरलेलं नाही.